तलावांचा रस्ता : तिरोडा ते नवेगावबांध

१/ तिरोड्याहून स्वतःची गाडी घेऊन निघावे. बोदलकसा, चोरखमारा, मग नागझिऱ्याचे अरण्य आणि दक्षिणेस नवेगावबांध. अभयारण्यात शिरताना परवाना लागतो. उरलेला रस्ता आपलाच. वाटेत जे पाणी दिसते ते निसर्गाने दिले, असे प्रवासी सहज मानतो. पण यातील बहुतेक जलाशय मनुष्यनिर्मित आहेत.

२/ नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, अशी परंपरा सांगते. भोवतीच्या डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. आणि कोलू पाटील पुढे ‘कोलासूर’ या नावाने देव झाले. तलाव बांधणारा माणूस देवपदी पोचतो, यावरून धानाच्या मुलखात पाण्याचे मोल काय होते ते कळावे.

३/ कोहळी हा तलाव बांधणाऱ्यांचा समाज. गोंड राजांच्या आश्रयाने त्यांनी टेकड्यांमधील खिंडी मातीच्या पाळीने अडवल्या. एका तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात, तेथून बोडीत, बोडीतून बांधीत. धिवरांना मासळी व शिंगाडा, गुरांना पाणी, उन्हाळ्यात गाळपेराची जमीन.

४/ बोदलकसा व चोरखमारा मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातले, इंग्रजी पाटबंधारे खात्याचे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्यप्रांत हादरला, तेव्हा सरकारला सिंचनाची निकड उमगली. कोहळ्यांना ती दोन शतके आधीच उमगली होती!

५/ १८६० च्या दशकातील जमाबंदीने गावे मालगुजारांच्या मालकीची झाली, तलावही त्यांचेच. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, १९५१ पासून तलाव सरकारजमा. जमीनदारी गेली हे न्याय्यच. परंतु दरवर्षी पाळ दुरुस्त करणारी, गाळ उपसणारी गावव्यवस्थाही तिच्यासोबत विस्कटली. आज कागदोपत्री हे ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी. कित्येकांत गाळ साचला, काठावर बेशरम माजली.

६/ महाराष्ट्रातील मोजके सारस क्रौंच मुख्यतः याच गोंदिया-भंडारा भागात उरले आहेत. हा पक्षी तलावात चरतो आणि घरटे बहुधा धानाच्या बांधीत करतो. म्हणजे त्याचे निम्मे घर अभयारण्याच्या सीमेबाहेर, शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. बाहेरच्या बांधीला असे कोणतेच कुंपण नाही.

७/ तेव्हा गाडी थांबवाल तेथे पाण्याआधी पाळ पाहा. तिच्यावर वाढलेली झाडे, दगडांची रचना, सांडव्याची जागा. शिलालेख बहुधा सापडणार नाही.