निवासी मालमत्तेतील गुंतवणूक

स्वतः राहण्यासाठी नव्हे, तर भाड्याचे उत्पन्न किंवा पुढील विक्रीतून नफा मिळावा म्हणून घर विकत घेणे, यास निवासी मालमत्तेतील गुंतवणूक असे म्हणतात. भारतात अशी खरेदी बहुधा गृहकर्ज काढून केली जाते. त्यामुळे कर्जावरील व्याज आणि घराचे भाडे यांची तुलना हा तिच्या मूल्यमापनाचा गाभा ठरतो. कर्ज व कायद्याविषयीचे काही नियम देशभर समान असले, तरी मुद्रांक शुल्क राज्यपरत्वे बदलते. येथे ते महाराष्ट्रातील धरले आहे.

वित्तपुरवठा

हसमुखभाई पारेख यांनी १९७७ साली एचडीएफसी ही संस्था स्थापन केल्यानंतर मध्यमवर्गास दीर्घ मुदतीचे गृहकर्ज मिळणे हळूहळू सुलभ झाले. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज घराच्या मूल्याच्या ९० टक्के, ७५ लाखांपर्यंतचे ८० टक्के आणि त्यापुढील ७५ टक्के या मर्यादेत देता येते. अत्यल्प किमतीची घरे वगळता मुद्रांक शुल्क व नोंदणी फी या मूल्यात धरली जात नाही. ती रक्कम खरेदीदारास पदरची घालावी लागते. हप्ता दरमहा सारखाच असला, तरी आरंभीच्या हप्त्यांत व्याजाचाच वाटा मोठा असतो.

मूल्यमापन

वार्षिक भाड्यास किमतीने भागून येणारी टक्केवारी म्हणजे ढोबळ भाडे परतावा. जाहिरातींतून बहुधा हाच आकडा पुढे केला जातो; तो दिशाभूल करणारा असतो.

उदाहरणादाखल, पुणे महापालिका हद्दीत ६५ लाखांची तयार सदनिका घेतली असे मानू. ७ टक्के मुद्रांक शुल्क व ३० हजार रुपये नोंदणी फी धरून एकूण खर्च ६९ लाख ८५ हजार होतो. मासिक भाडे १८ हजार असल्यास ढोबळ परतावा सुमारे ३.३ टक्के येतो. मात्र सोसायटीचा देखभाल खर्च (वार्षिक ३६ हजार), मालमत्ता कर (१२ हजार) आणि वर्षातून एक महिना घर रिकामे राहिल्याचे नुकसान वजा केल्यास हाती दीड लाख रुपये उरतात, म्हणजे एकूण खर्चाच्या जेमतेम २.१ टक्के.

५० लाखांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ४३,३९० रुपये होतो आणि पहिल्या वर्षी केवळ व्याजापोटी सुमारे ४ लाख २१ हजार जातात. भाडे वजा जाता २ लाख ७१ हजारांची तूट राहते. ती भरून निघण्यासाठी घराची किंमत त्या वर्षी सुमारे ४.२ टक्क्यांनी वाढावी लागते. गुंतवलेल्या स्वतःच्या सुमारे २० लाखांवरील बुडालेले व्याज यात धरलेलेच नाही.

कायदेशीर बाजू

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार विक्री चटई क्षेत्रावर आधारित असावी लागते. नोंदणीकृत करारापूर्वी विकासकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जुन्या घराच्या बाबतीत मालकी हक्काचा शोध अहवाल आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहणे आवश्यक असते.

हप्ते ९० दिवसांहून अधिक थकल्यास कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये ६० दिवसांची नोटीस देऊन बँकेस दिवाणी दाव्याविना तारण घराचा ताबा घेता येतो. त्या घरात भाडेकरू राहत असल्यास त्याच्याही निवाऱ्याचा प्रश्न उभा राहतो.