मान मोडलेली वायर

परवा रात्री लॅपटॉप चार्ज होईना. वायर जरा डावीकडे वाकवून धरली की दिवा लागायचा, सोडली की गुल! नीट पाहिलं तर प्लगजवळ आवरण फाटून आतल्या तारा दिसत होत्या. घेऊन अकराच महिने झालेले, म्हणजे वॉरंटी शिल्लक. बिल घेऊन ऐटीत सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने वायरीकडे धड पाहिलंही नाही. "सर, हे फिजिकल डॅमेज आहे. वॉरंटीत बसत नाही." थोडक्यात काय, तर चूक माझी.

हे मी लहानपणी ऐकलं होतं. आमच्या इस्त्रीची वायर मुठीपाशी झिजली होती. बाबांनी तिला काळी टेप गुंडाळली, आणि एक दिवस आईला जोरात शॉक बसला. थोडक्यात वाचली. पण घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, "लक्ष कुठे असतं तुझं?"

वायर तुटते कुठे, हे कधी पाहिलंय का? मधे सहसा नाही. नेहमी मानेशी, जिथे मऊ वायर कडक प्लगमध्ये शिरते तिथे. सगळा वाक त्याच एका जागी येतो. आतल्या तांब्याच्या बारीक तारा एकेक करून तुटतात, उरलेल्यांवर भार येतो, त्या तापतात. म्हणून तर तिथे रबराची नळी किंवा स्प्रिंग बसवतात, वाक थोडा थोडा पसरावा म्हणून. ही नळी आखूड किंवा कमजोर असली की वायर तिथेच जाणार. मग चूक वापरणाऱ्याची की बनवणाऱ्याची?

हा प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला होता. (माझा लॅपटॉप वेगळ्या कंपनीचा, गैरसमज नको!) जानेवारी २००६ मध्ये अॅपलने लोहचुंबकाने चिकटणारा 'मॅगसेफ' चार्जर आणला. वायरीत पाय अडकला तरी लॅपटॉप खाली पडू नये, ही त्यामागची कल्पना. कल्पना छानच होती. पण पहिल्या, इंग्रजी 'टी'च्या आकाराच्या प्लगजवळ वायर झिजते अशा तक्रारी आल्या, आणि कॅलिफोर्नियात ग्राहकांनी एकत्र दावा लावला. २०११ साली तडजोड झाली. बिघडलेला चार्जर बदलून मिळणार, आणि ज्यांनी स्वतःच्या पैशाने नवा घेतला होता त्यांना पहिल्या वर्षासाठी ७९ डॉलर, दुसऱ्यासाठी ५०, तिसऱ्यासाठी ३५. कंपनीने चूक मात्र कबूल केली नाही.

आणखी एक गंमत. २००७ साली मायक्रो-यूएसबी आली. जोडण्या-काढण्याची तिची मर्यादा किमान १०,००० वेळा ठरवलेली. पण खरी मेख वेगळीच आहे. पकड धरणारे स्प्रिंग फोनमधून काढून वायरीच्या टोकात टाकले. हेतू हा, की झिजायचंच तर स्वस्तातल्या वायरीने झिजावं, महागड्या फोनने नाही. म्हणजे वायरीने झिजणं हे कारखान्यातच ठरलेलं! शहाणपणाचंच आहे म्हणा. पण मग ती वायर वेगळी काढता यायला हवी आणि कुठेही मिळायला हवी. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीची केली, ती याच दिशेने. माझ्या चार्जरची वायर मात्र डबीतच पक्की बसवलेली. दोन इंच वायर गेली की सगळं कचऱ्यात.

आपल्याकडे ही लढाई जुनी आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. २०१९ च्या नव्या कायद्याने, जो जुलै २०२० मध्ये लागू झाला, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. दोन वर्षांची मुदत असते, आणि वकील लागतोच असं नाही.

हे सगळं वाचून मी कंपनीला पत्र लिहिलं. सोबत बिल आणि फोटो. भांडण नाही, एकच प्रश्न: वायर मधे कुठेही दुखावलेली नाही, फक्त मानेशी तुटली आहे, तर यात माझा वापर कुठे चुकला? दहा दिवसांनी नवा चार्जर आला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "केवळ सदिच्छा म्हणून." म्हणजे इथेही चूक कबूल नाहीच!

असो. संध्याकाळी आईला फोन केला, सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या इस्त्रीतसुद्धा माझी चूक नव्हती तर."

इतकी वर्षं ती हे मनात ठेवून होती, हे मला माहीतच नव्हतं.