सुटू नये म्हणून अडकतो: हँडब्रेकची दीडशे वर्षं

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, हे तर गॅरेजचं काम, इतिहासाच्या व्याख्यानात कशाला? पण आपल्यापैकी पुष्कळांनी हा प्रसंग अनुभवला आहे. पावसाळ्यात गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिलेली असते. आपण किल्ली फिरवतो, हँडब्रेकचा दांडा खाली करतो, क्लच सोडतो आणि गाडी जागची हलत नाही. जरा जास्त रेस केली की मागचा भाग खाली बसल्यासारखा होतो, इंजिन गुदमरतं. दांडा तर खाली आहे, मग धरून कोणी ठेवलंय? 2020 च्या टाळेबंदीनंतर हा प्रश्न अनेकांना पडला होता. त्याचं उत्तर शोधायचं तर आपल्याला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात करू 1888 पासून. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्यानं बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. त्या गाडीचा ब्रेक म्हणजे चाकावर दाबला जाणारा लाकडी ठोकळा, आपल्या घोडागाडीला असतो तसाच. उतारावर तो झिजला. मग वाटेत एका चांभाराकडून त्यांनी ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक लायनरचं मूळ तिथे दाखवता येतं. आता गंमत बघा. हा ब्रेक झिजत होता, घसरत होता, पण अडकत नव्हता, कारण सगळं उघड्यावर होतं. त्या काळची भीती एकच होती: गाडी सुटेल.

ती भीती किती खरी होती, हे पुढच्याच वर्षी कळलं. 12 जून 1889. आयर्लंडमधल्या आर्मा गावाहून रविवारच्या धर्मशाळेतली मुलं आणि त्यांच्या घरचे लोक सहलीला निघाले होते. गाडी भरगच्च होती. चढावर इंजिनाला ती ओढवेना आणि गाडी थांबली. कर्मचाऱ्यांनी ठरवलं, गाडीचे दोन भाग करू, पुढचा भाग आधी नेऊ. त्या गाडीला निर्वात ब्रेक होता, पण साध्या पद्धतीचा. म्हणजे इंजिनाशी जोड असेल तोवर तो चालणार, जोड सुटली की ब्रेकही सुटला. मागचे दहा डबे आता कशावर उभे राहिले? शेवटच्या डब्यातल्या एका हँडब्रेकवर, आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांवर. पुढचा भाग निघताना किंचित मागे आला, धक्का बसला, दगडांचा चुरा झाला आणि डबे उतारावरून मागे सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. 80 माणसं मेली, त्यांत कितीतरी मुलं होती.

त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. कल्पना नवी नव्हती. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी 1872 मध्येच ती आणली होती. ब्रेक लावण्यासाठी हवा वापरण्याऐवजी हवेच्या दाबानं ब्रेक सोडून ठेवायचा. नळी फुटली, डबा तुटला, काहीही बिघडलं, तर ब्रेक लागेल. आम्ही याला या विषयातला सर्वांत मोठा निर्णय मानतो. यंत्र बिघडणारच आहे, हे मान्य करून ते कोणत्या बाजूला बिघडावं हे माणसानं ठरवलं. सुटण्यापेक्षा अडकलेलं बरं.

आता रस्त्यावर येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीला ड्रम ब्रेक आले. लुई रेनॉ यांनी 1902 मध्ये ड्रमच्या आतून बाहेर दाबले जाणारे शू वापरले. याआधीचे पट्टे ड्रमच्या बाहेरून आवळले जात, त्यांवर चिखल-पाणी थेट पडे. आता ब्रेक डबीत बंद झाला. फायदा मोठा होता. पण बंद डबीत पाणी सहसा शिरत नाही, आणि शिरलं तर लवकर निघत नाही. ड्रम बिडाचा, म्हणजे गंजणारा. इथे अडकण्याची बीजं पडली.

सुरुवातीच्या अनेक गाड्यांत आजच्या उलट व्यवस्था होती. 1908 ते 1927 पर्यंत बनलेल्या फोर्ड मॉडेल टी मध्ये पायाचा ब्रेक गिअरपेटीत होता आणि हाताचा दांडा मागच्या चाकांच्या ड्रमवर चाले. पुढे द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. 1921 च्या ड्यूसेनबर्ग गाडीत ते चारही चाकांना होते. तरी हँडब्रेक मात्र दांडा, तार आणि स्प्रिंग यांवरच राहिला. याला कारण आहे. द्रवाचा दाब रात्रभर टिकेल याची खात्री नसते, कुठेतरी थेंब झिरपतो. शिवाय मुख्य ब्रेक गेला तर दुसरा त्याच्यावर अवलंबून नको. म्हणून शंभर वर्षांनंतरही आपल्या बऱ्याचशा गाड्यांच्या पोटाखालून आवरणातली तार जाते, आणि त्या आवरणात पाणी शिरतं.

बरं, आता उभी गाडी तपासू. पहिलं काम: पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर. आर्मा विसरायचं नाही, सुट्टा दगड नको, पाचरीच्या आकाराचा भक्कम ठोकळा हवा. मग सपाट जागी मागचं चाक जॅकनं उचलून स्टँडवर ठेवायचं, गिअर न्यूट्रल करायचा, हँडब्रेक खाली, आणि चाक हातानं फिरवून बघायचं.

फिरत नसेल तर दोष दोन ठिकाणी असू शकतो. एक, तार आवरणात गंजून धरली आहे. दांडा खाली गेला तरी ताण तसाच राहतो. दोन, तार मोकळी आहे, पण लायनर गंजानं ड्रमला चिकटलं आहे. ओळखायचं कसं? चाकाजवळच्या टोकाला तारेचा ताण सैल करून बघायचा. चाक सुटलं तर दोष तारेत. नाही सुटलं तर ड्रमच्या आत.

लायनर चिकटलं असेल तर चाक काढून ड्रमच्या कडेला हातोडीनं फिरवत-फिरवत बेताचे ठोके द्यायचे. बऱ्याचदा खट् आवाज येऊन सुटतं. मग ड्रम काढून गंज घासायचा, लायनर तपासायचं, परतीची स्प्रिंग थकली असेल तर बदलायची. तार धरली असेल तर तेल सोडून दोन दिवस चालेल, पुढच्या पावसात पुन्हा धरेल. ती बदलावीच. जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्यामुळे ड्रममधली धूळ फुंकायची नाही, हवाही मारायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. आणि अडकलेल्या ब्रेकसकट गाडी जोरात रेटायची नाही. ड्रम तापतो, लायनर जळतं आणि त्या उष्णतेनं ब्रेकचं तेल उकळलं तर पायाचा ब्रेकही जातो. म्हणजे अडकलेल्या ब्रेकपायी आपण सुटलेली गाडी ओढवून घेतो.

मोठ्या ट्रक-बसची गोष्ट वेगळी. तिथे वेस्टिंगहाउसचं तत्त्व रस्त्यावर उतरलं आहे. उभ्या ट्रकला जबरदस्त स्प्रिंग धरून ठेवते आणि हवेचा दाब तिला मागे दाबतो. हवा गळाली की ब्रेक लागतो. त्यामुळे घाटात ट्रक अडकून पडला, तर आधी हवेच्या दाबाचा काटा बघायचा. दाब कमी असेल तर ब्रेक बिघडलेला नाही, तो आपलं काम करतो आहे. गळती दुसरीकडे आहे. स्प्रिंग बोल्टनं आवळून ब्रेक सोडवता येतो, पण चाकांना अडसर न लावता उतारावर तसं करणं म्हणजे आर्माची पुनरावृत्ती. ती स्प्रिंगची डबी उघडायची तर मुळीच नाही, आतली स्प्रिंग उसळून माणूस दगावू शकतो.

2001 मध्ये बीएमडब्ल्यूच्या 7 सीरीजमध्ये बटणाचा हँडब्रेक आला. आज तो मध्यम किमतीच्या गाड्यांतही दिसतो. त्यात बॅटरी उतरली तर लागलेला ब्रेक सुटत नाही, लागलेलाच राहतो. दांडा गेला, पण 1872 चा निर्णय तसाच आहे.

तेव्हा लांब मुदतीसाठी सपाट जागी गाडी ठेवताना गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा आणि हँडब्रेक मोकळा ठेवा. पावसातून आलात तर उभी करण्याआधी थोडं अंतर हलके ब्रेक मारत या, म्हणजे ड्रम कोरडे होतील. आणि कधी अडकलाच, तर वैतागण्याआधी एवढं आठवा: तो अडकतो, कारण एकेकाळी तो सुटला होता. सोडवा जरूर, पण आधी चाकाला ठोकळा लावा.

प्रश्न असतील तर आता घेऊ.