उघड्या मुळांच्या झुडपी गुलाबाची लागवड

उघड्या मुळांच्या झुडपी गुलाबाची लागवड ही समशीतोष्ण हवामानाच्या प्रदेशांत गुलाब लावण्याची एक प्रचलित पद्धत आहे. शेतात वाढवलेले गुलाबाचे झाड हिवाळ्यातील सुप्तावस्थेत जमिनीतून काढले जाते आणि मुळांवरील माती झटकून, कुंडीशिवाय किंवा पिशवीशिवाय विकले जाते. इंग्रजीत अशा रोपाला ‘बेअर-रूट’ म्हणतात. खरेदीच्या वेळी त्यावर पाने नसतात. तीन-चार काटेरी फांद्या आणि त्यांखालील तपकिरी मुळे एवढेच त्याचे स्वरूप असते.

जमिनीतून काढताना अशा रोपाची बहुतेक तंतुमुळे तुटतात. नवी मुळे फुटेपर्यंत ते खोडात व जाड मुळांत साठलेल्या अन्नावर आणि ओलाव्यावर जगते. रोप भिजवणे, लावण्याची वेळ, पाणी व खत यांविषयीचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

झुडपी गुलाब

‘झुडपी गुलाब’ हा वनस्पतिशास्त्रीय गट नसून उद्यानविद्येतील सोयीचा वर्ग आहे. साधारण १ ते २ मीटर उंच, अनेक फांद्यांचे, भरगच्च वाढणारे गुलाब त्यात मोडतात. लांब दांड्यावर एकेक फूल देणाऱ्या हायब्रिड टी गुलाबांपेक्षा यांपैकी अनेक जाती काटक असून त्यांना काटेकोर छाटणी लागत नाही. त्यामुळे नवशिक्यांना त्यांची शिफारस केली जाते.

ईशान्य आशियाच्या किनारी भागातील रोझा रुगोसा व तिचे संकर, जोसेफ पेंबर्टन यांनी इंग्लंडमध्ये तयार केलेली ‘पेनेलपी’ (१९२४) यांसारखे हायब्रिड मस्क गुलाब आणि डेव्हिड ऑस्टिन यांचे ‘इंग्लिश रोझेस’ या वर्गात येतात. ऑस्टिन यांचा ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ (१९६१) वर्षातून एकदाच फुलतो, तर पिवळ्या फुलांचा ‘ग्रॅहॅम टॉमस’ (१९८३) हंगामात पुनःपुन्हा बहरतो. अमेरिकेत विल्यम रॅडलर यांचा ‘नॉक आउट’ (२०००) हा गुलाब मोठ्या प्रमाणावर लावला गेला आहे.

रोपांची निर्मिती

विक्रीतील बहुतेक उघड्या मुळांचे गुलाब डोळे भरून तयार केलेले असतात. खुंट म्हणून ब्रिटनमध्ये ‘लाक्सा’, तर अमेरिकेत ‘डॉ. ह्यूई’ किंवा रोझा मल्टिफ्लोरा वापरण्याची प्रथा आहे. उन्हाळ्यात शेतातील खुंटाच्या तळाशी सालीत खाच पाडून तीत इच्छित जातीचा डोळा बसवला जातो. पुढील हिवाळ्याच्या अखेरीस डोळ्याच्या वरचा खुंटाचा भाग कापतात. त्यानंतर डोळ्यापासून वाढलेले झुडूप एक हंगाम वाढवून शरद ऋतूच्या शेवटी जमिनीतून काढले जाते. डोळा भरलेल्या जागी जो फुगीर भाग दिसतो, त्याला कलमाचा जोड म्हणतात.

या रोपांना माती व कुंडी नसल्याने ती वजनाला हलकी व तुलनेने स्वस्त असतात आणि टपालाने पाठवता येतात. मात्र त्यांचा हंगाम मर्यादित असतो. ब्रिटनमध्ये तो साधारण नोव्हेंबर ते मार्च असा आहे.

निवड व साठवण

चांगल्या रोपाच्या फांद्या टणक असतात, साल सुरकुतलेली नसते आणि मुळे एकाच बाजूला न वाढता सभोवार पसरलेली असतात. साल नखाने किंचित खरवडल्यास आत हिरवा रंग दिसणे हे फांदी जिवंत असल्याचे लक्षण होय. मऊ पडलेली, काळी किंवा बुरशी आलेली मुळे असलेले रोप टाळावे.

मुळे कोरडी पडणे हा या रोपांचा सर्वांत मोठा धोका आहे. ऊन व वारा लागल्यास ती थोड्याच वेळात सुकतात. म्हणून लावण्याच्या क्षणापर्यंत ती ओल्या गोणपाटात किंवा वेष्टनात झाकून ठेवावीत. जमीन गोठलेली किंवा चिखलमय असल्यास लागवड पुढे ढकलावी. अशा वेळी बागेच्या सावलीच्या कोपऱ्यात उथळ चर खणून रोपे तिरकी ठेवतात व मुळे ओलसर मातीने झाकतात. या स्थितीत ती काही आठवडे टिकतात.

जागा व जमीन

गुलाबाला दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळावे. काही झुडपी जाती त्याहून कमी उन्हातही फुलतात. जमीन सेंद्रिय द्रव्यांनी समृद्ध, पाण्याचा निचरा होणारी आणि किंचित आम्लधर्मी असावी. ६ ते ७ सामू योग्य मानला जातो. हवा खेळती राहण्यासाठी दोन झुडपांत साधारण १ मीटर अंतर ठेवतात.

जेथे पूर्वी अनेक वर्षे गुलाब होते, तेथे लावलेले नवे रोप बरेचदा खुरटते. या विकाराचा संबंध जुन्या मुळांभोवतीच्या मातीतील सूक्ष्मजीवांशी जोडला जातो. शक्य असल्यास जागा बदलावी. अन्यथा खड्ड्यातील माती काढून बागेच्या दुसऱ्या भागातील माती भरावी.

लागवडीची कृती

१. लावण्यापूर्वी मुळे किमान दोन तास बादलीभर पाण्यात बुडवून ठेवावीत. फार सुकलेले रोप रात्रभर भिजवता येते. मात्र मुळांना हवाही लागत असल्याने २४ तासांहून अधिक काळ ती पाण्यात ठेवू नयेत.

२. मोडलेली मुळे व इजा झालेल्या फांद्या धारदार सिकेटरने निरोगी भागापर्यंत कापाव्यात. चांगली मुळे खड्ड्यात मावत नाहीत म्हणून कापू नयेत. खड्डा मोठा करावा.

३. साधारण ४० सेंटिमीटर रुंद व तितकाच खोल खड्डा घेऊन तळ काट्याने भुसभुशीत करावा. काढलेल्या मातीत चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे. ताजे शेणखत व रासायनिक खत खड्ड्यात घालू नये, कारण त्यांतील क्षारांमुळे कोवळी मुळे करपतात.

४. खड्ड्याच्या तळाशी मातीचा लहान उंचवटा करून त्यावर मुळे सर्व बाजूंना पसरावीत. खड्ड्यावर आडवी काठी ठेवल्यास कलमाच्या जोडाची पातळी तपासता येते.

५. माती थोडी थोडी भरून मुळांमधील पोकळ्या बुजवाव्यात व हलकेच दाबावी. नंतर भोवती आळे करून भरपूर पाणी द्यावे.

जोडाची पातळी हवामानावर अवलंबून असते. ब्रिटनमध्ये तो जमिनीच्या पातळीला किंवा तिच्या थोडा खाली ठेवतात. कॅनडा व अमेरिकेच्या अतिथंड भागांत तो ५ ते १० सेंटिमीटर खोल गाडला जातो. वरील फांद्या गोठून मेल्या तरी मातीखालील डोळ्यांतून मूळ जात पुन्हा फुटू शकते. उष्ण प्रदेशांत जोड मातीच्या वर ठेवतात.

पहिल्या वर्षाची निगा

हिवाळ्यात लावलेले रोप अनेक आठवडे निर्जीव दिसते. या काळात ते मेले असे समजून उपटणे किंवा खत देऊन जागे करण्याचा प्रयत्न करणे, या दोन्ही गोष्टी अहितकारक ठरतात. वसंतात प्रथम लालसर डोळे फुगतात व नंतर पाने येतात. सुरुवातीची पाने साठवलेल्या अन्नावर वाढत असल्याने पालवी फुटली म्हणजे रोप रुजले असे होत नाही. नवी मुळे पुरेशी वाढेपर्यंत जमीन कोरडी पडू न देणे महत्त्वाचे असते.

रोज वरवर शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने सुमारे ५ लिटर पाणी मुळांशी सावकाश द्यावे. पावसाचे मान व जमिनीचा प्रकार पाहून हे अंतर ठरवावे. बुंध्याभोवती थोडी जागा मोकळी सोडून कुजलेल्या पालापाचोळ्याचे ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घातल्यास ओलावा टिकतो. पहिला बहर ओसरल्यावर खताचा हलका हप्ता देता येतो. उन्हाळ्याच्या अखेरीस खत थांबवतात. अन्यथा उशिरा आलेली कोवळी फूट थंडीत मरते. झुडपास पूर्ण आकार येण्यास सहसा दोन ते तीन वर्षे लागतात.

छाटणी व खुंटाचे फुटवे

पुनःपुन्हा फुलणाऱ्या झुडपी गुलाबांची छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस करतात. प्रथम मेलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून मग झुडपाची उंची सुमारे एकतृतीयांशाने कमी केली जाते. काप बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर घ्यावा. एकदाच फुलणाऱ्या जाती मागील वर्षीच्या फांद्यांवर फुलतात. त्यांची हिवाळ्यात छाटणी केल्यास त्या वर्षीची फुले जातात, म्हणून त्या बहरानंतर छाटतात.

जोडाच्या खालून निघणारे फुटवे खुंटाचे असतात. ते जोमदार असल्याने वाढू दिल्यास मूळ जातीवर मात करतात. सात पर्णिका असलेला फुटवा खुंटाचाच, हा समज विश्वसनीय नाही, कारण अनेक झुडपी गुलाबांनाही सात पर्णिका असतात. माती बाजूला करून फुटव्याचा उगम पाहणे हीच खात्रीची कसोटी होय. असा फुटवा जमिनीलगत कापल्यास तो पुन्हा फुटतो. म्हणून तो उगमाशी ओढून काढतात.

रोग व किडी

पानांवरील काळे ठिपके हा डिप्लोकार्पन रोझी या बुरशीमुळे होणारा रोग सर्वत्र आढळतो. तिचे बीजाणू रुजण्यासाठी पान काही तास सलग ओले राहावे लागते; त्यामुळे पाणी पानांवर न टाकता मुळांशी देणे व गळलेली रोगट पाने वेचून नष्ट करणे उपयुक्त ठरते. भुरी व तांबेरा हेही बुरशीजन्य रोग आहेत. कोवळ्या शेंड्यांवरील मावा पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढता येतो. लेडीबर्ड भुंगेरे व त्यांच्या अळ्याही तो खातात.

महाराष्ट्रातील परिस्थिती

महाराष्ट्राच्या मैदानी भागात हिवाळा सौम्य असल्याने गुलाब पूर्ण सुप्तावस्थेत जात नाही. त्यामुळे येथील रोपवाटिकांत रोपे प्रामुख्याने मातीच्या हुंडीसह किंवा पॉलिथिनच्या पिशवीत मिळतात व पावसाळ्यात लावली जातात. मुख्य छाटणी ऑक्टोबरमध्ये होते व त्यानंतर हिवाळ्यात बहर येतो. पावसाळी ओलाव्यात कुजू नये म्हणून कलमाचा जोड मातीच्या वर ठेवणे हितकारक असते. भारी काळ्या जमिनीत निचऱ्यासाठी गादीवाफे करतात.

हे वेळापत्रक थंड प्रदेशांना लागू पडत नाही. ब्रिटन किंवा उत्तर अमेरिकेच्या थंड भागात ऑक्टोबरमध्ये खोल छाटणी केल्यास आलेली कोवळी फूट हिमतुषारांनी जळू शकते. तेथे हा काळ छाटणीचा नसून, उघड्या मुळांच्या रोपांसाठी जमीन तयार करण्याचा असतो.