खाडा, बदली आणि कायम : मुंबईच्या गिरण्यांतील नोकरीच्या शाश्वतीचा इतिहास

एकाच गिरणीत आयुष्य घालवावे आणि त्या सेवेच्या बळावर म्हातारपणी चार पैसे हाती पडावेत, हा मुंबईच्या गिरणी कामगाराचा पिढीजात रिवाज होता, अशी समजूत गिरणगावाविषयीच्या आठवणींमुळे रूढ झाली असली, तरी तो रिवाज फार जुना नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. तेव्हापासून पुढची सुमारे ऐंशी वर्षे कामगार गिरण्या सर्रास बदलत असे आणि मालक त्याला 'अस्थिर', 'गावाकडे ओढ असलेला', 'शिस्त नसलेला' अशी दूषणे देत. शासकीय चौकशांपुढे दिलेल्या साक्षींतही हाच सूर आढळतो. वस्तुतः या बदलांमागे स्वभावापेक्षा हिशेबच अधिक होता, कारण कंपनीशी इमान राखल्याबद्दल कामगाराला काही मिळावे अशी तजवीज तेव्हा जवळजवळ कोणत्याच गिरणीत नव्हती.

कामगाराचा कंपनीशी थेट संबंधच क्वचित येई. भरती, कामाची वाटणी, रजा आणि प्रसंगी बडतर्फी हे सारे जॉबरच्या हाती असे. जॉबर म्हणजे खात्यातील कामगारांवर देखरेख करणारा, बहुधा त्यांच्यातूनच वर चढलेला मुकादम, आणि कांडी खात्यासारख्या बायकांच्या खात्यांत त्याच्या जागी नायकीण असे. कोकणातून किंवा घाटावरून आलेला माणूस आपल्या गावच्या, भावकीतल्या किंवा ओळखीच्या जॉबरमार्फत कामाला लागे, त्याबद्दल त्याला दस्तुरी, म्हणजे नोकरी लावून दिल्याचा मोबदला देई आणि जॉबरने गिरणी सोडली की पुष्कळदा त्याच्या मागोमाग आपणही सोडी. मालकांना जी धरसोड वाटे ती कामगाराच्या बाजूने पाहिली तर एक प्रकारची निष्ठाच होती; फक्त तिचा धनी कंपनी नव्हे, जॉबर होता.

कामगाराला धरून ठेवण्यासाठी मालकांनी जे साधन वापरले ते थकीत पगाराचे. चहाच्या मळ्यांसाठी माणसे नेताना आगाऊ रक्कम देऊन त्यांना बांधून घेत आणि १८५९ च्या करारभंगविषयक कायद्याने अशी आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला फौजदारी शिक्षेची तरतूद केली होती. तो कायदा १९२५ मध्ये रद्द करण्यात आला. मुंबईच्या गिरण्यांत याच्या नेमके उलट घडे. एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर हाती पडत असल्याने कामगार मालकाचा देणेकरी नसे, मालकच कामगाराचा देणेकरी असे. आणि सूचना न देता काम सोडल्यास ही अडकलेली रक्कम बुडे. वाण्याकडे उधारी आणि सावकाराकडे व्याज चालू असताना स्वतःच्याच मजुरीचे पैसे मालकाकडे बिनव्याजी पडून राहावेत, ही व्यवस्था कामगाराला स्थिर करण्यापेक्षा कर्जबाजारी करण्यातच अधिक यशस्वी झाली असे म्हणावे लागते.

या साधनाची मर्यादा १८९६ च्या प्लेगने उघडी पाडली. साथ पसरताच माणसे मुंबई सोडून गावाकडे निघाली, यंत्रे बंद पडू लागली, आणि जे कामगार मागे उरले त्यांना मिळवण्यासाठी गिरण्यांमध्येच चढाओढ लागली. रस्त्याच्या कोपऱ्यावर मजुरीचे दर ठरू लागले आणि महिन्याचा पगार अडकवून ठेवणाऱ्या गिरण्यांना रोजच्या रोज रोख मजुरी मोजावी लागली. साथ ओसरल्यावर जुनी पद्धत परत आली, हे सांगायला नकोच.

गिरणी बदलण्याने कामगाराचे फारसे नुकसान का होत नसे, हे गिरणगावाच्या भूगोलावरून समजते. परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्यात डझनावारी गिरण्या पायी जाण्याच्या अंतरावर होत्या. उधारी देणारा वाणी, खानावळ चालवणारी बाई आणि गाववाल्यांनी मिळून भाड्याने घेतलेली चाळीतली खोली, हे सारे वस्तीशी जोडलेले होते, गिरणीशी नव्हे. त्यामुळे भोंगा बदलला तरी पत बदलत नसे. विणकराला तर गिरणी बदलण्याचे आणखी एक कारण असे. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, मजुरी कापडाच्या उत्पादनावर ठरत असल्याने सूत कच्चे आले की धागा वारंवार तुटे, साचा थांबे आणि पगार घटे. चांगल्या सुताची गिरणी गाठणे ही त्याच्यापुरती पगारवाढच होती. हा मार्ग सर्वांना मोकळा मात्र नव्हता. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाचे कारण पुढे करून सवर्ण विणकर अस्पृश्य कामगारांना जास्त मजुरीच्या या खात्यात येऊ देत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न लावून धरला. ज्या कामगाराला सर्वच गिरण्यांत तेच कमी मजुरीचे खाते मिळणार होते, त्याच्या दृष्टीने गिरणी बदलण्याच्या स्वातंत्र्याची किंमत अर्थातच कमी होती.

निष्ठा विकत घेण्याचा एक गंभीर प्रयोग या काळात झाला, पण तो मुंबईबाहेर. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये गैरहजेरी ही आरंभापासूनची अडचण होती. तिच्यावर उपाय म्हणून व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांच्या काळात बक्षिसे, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई अशा सोयी करण्यात आल्या. नागपुरात कामगाराला शेजारच्या दुसऱ्या गिरणीचा दरवाजा ठोठावता येत नव्हता, त्यामुळे तेथे केलेला खर्च त्याच गिरणीच्या पदरी फळ देई. मुंबईतील मालकाला मात्र आपण शिकवलेला विणकर उद्या समोरच्या फाटकात शिरेल ही धास्ती असे, आणि मंदीत हवी तेवढी माणसे काढून टाकण्याची मुभाही त्याला सोडवत नव्हती. माणूस टिकावा, पण त्याची जबाबदारी नको, हा त्या धोरणातील अंतर्विरोध होता.

चित्र बदलू लागले ते १९२९ नंतर. त्या वर्षीच्या मुंबई प्रांताच्या प्रसूती लाभ कायद्याने ठरावीक काळ सलग सेवा केलेल्या स्त्रियांनाच लाभ देऊ केला, आणि सलग सेवेला रोख मूल्य प्राप्त झाले. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने पगार महिना संपल्यापासून लहान कारखान्यांत सात आणि मोठ्या कारखान्यांत दहा दिवसांत देणे बंधनकारक करून थकीत पगाराची पकड सैल केली. तरीही दहा किंवा अधिक कामगारांनी संगनमताने, सूचना न देता काम सोडल्यास आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापण्याची सवलत मालकांना त्यात राहिलीच. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नियंत्रणाची योजना आणली. बदली म्हणजे कायम कामगाराने खाडा केला, म्हणजे तो गैरहजर राहिला, तर त्या दिवसापुरता त्याच्या जागी उभा राहणारा माणूस. या माणसांची निवड जॉबरच्या मर्जीवर होती, ती काढून गिरणीने कार्ड दिलेल्या ठरावीक बदल्यांनाच काम द्यावे असे ठरले.

कार्डधारक बदलीला पाळी सुरू होण्याआधी गिरणीत हजर व्हावे लागे, कोणत्या साच्यावरचा माणूस आला नाही हे कळेपर्यंत थांबावे लागे आणि सर्व जागा भरल्या तर मजुरीवाचून परतावे लागे. पण पुढे कायम होण्याची आशा असल्याने दुसरीकडे कामाला जाणेही त्याला परवडत नसे, कारण हजेरी चुकली की कार्डच धोक्यात येई. लग्नसराईत, भातलावणीला, गणपती-शिमग्याला कायम कामगार गावी गेला की बदलीचे दिवस भरत. एकाच्या गावाशी असलेल्या नात्यावर दुसऱ्याची चूल पेटत होती. जॉबरवरची निष्ठा गिरणीकडे वळवण्याचे काम उपदेशाने झाले नाही, ते या कार्डाने केले.

स्वातंत्र्यानंतर या चौकटीवर कायद्याचे मजले चढले. औद्योगिक न्यायालयाच्या १९४७ च्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांत सव्वीस दिवसांच्या महिन्यासाठी किमान मूळ वेतन तीस रुपये ठरवून प्रमाणित वेतनश्रेणी लागू केली. त्यामुळे केवळ दरासाठी गिरणी बदलण्याचे प्रयोजन कमी झाले. १९५२ पासून भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे कामगार आणि मालक यांच्या वाट्यातून साठणारी निवृत्तीची शिल्लक, कापडधंद्याला लागू झाला. औद्योगिक विवाद कायद्याच्या १९५३ च्या दुरुस्तीने कामगारकपातीच्या भरपाईला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराचे माप मिळाले, आणि १९७२ च्या उपदान कायद्याने पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ग्रॅच्युइटी म्हणून देणे बंधनकारक केले. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी या दोन रकमांत एक महत्त्वाचा भेद होता. निधीतील शिल्लक नव्या मालकाकडे वर्ग होऊ शके. ग्रॅच्युइटीची वर्षे मात्र एकाच मालकाकडे मोजली जात, आणि गिरणी बदलणारा कामगार पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू करी. शिवाय ग्रॅच्युइटीचा पैसा निवृत्तीपर्यंत त्याच मालकाच्या तिजोरीत राही. थकीत पगाराची पकड सैल झाली होती खरी, परंतु पंधरा दिवसांच्या जागी पंचवीस-तीस वर्षे थांबायचा एक मोठा थकीत पगारच कामगाराने आता आनंदाने स्वीकारला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ते थांबणे किती शहाणपणाचे होते याची परीक्षा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने घेतली. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. वेतनवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करावे ही मागणीही त्यात होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे असल्याने सामंतांच्या संघटनेशी बोलणी झाली नाहीत, आणि संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. परत न घेतलेल्यांची वर्षे वाया गेली. जे परत गेले त्यांच्यापैकी अनेकांच्या गिरण्या पुढे बंद पडल्या, आणि आजारी गिरणीतील जुन्या कामगाराला असे दिसून आले की त्याची ग्रॅच्युइटी बँकांच्या कर्जाशेजारी रांगेत उभी आहे. १९८५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांच्या देण्याला तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीचे स्थान मिळाले, पण कंपनी अवसायनात निघाल्यानंतरच त्याचा उपयोग होता आणि त्या प्रक्रियेला वर्षे लागत. तोवर कापडाचे काम मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेले होते, आणि तेथे नगावर मजुरी घेणाऱ्या कामगाराच्या नावे सलग सेवेची नोंद क्वचितच होई.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केल्यानंतर त्या जमिनींवरील घरांत कामगारांना वाटा मिळावा यासाठी दीर्घकाळ लढा झाला, आणि २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. पात्रतेची कसोटी मात्र मस्टरची ठेवली गेली : १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असल्याचा पुरावा. तिकीट क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, राज्य कामगार विमा योजनेचा क्रमांक यांसाठी बंद गिरण्यांच्या दप्तरांत शोधाशोध सुरू झाली, आणि पगार व ग्रॅच्युइटी देणारी कंपनी उरलेली नसतानाही तिच्या पटावरील एका ओळीचे मोल वारसांच्या दृष्टीने कामगाराच्या हयातीत नव्हते इतके वाढले.