आभासी यंत्राचा बॅकअप क्लाउडवर कसा पोहोचला: फाइल, स्क्रिप्ट आणि परतीचा रस्ता

प्रस्तावना

एखाद्या बँकेचा किंवा विद्यापीठाचा सर्व्हर रात्री दोन वाजता स्वतःची प्रत काढतो, ती प्रत शेकडो किलोमीटर दूरच्या डेटा सेंटरला पाठवतो आणि मूळ सर्व्हर बंद पडला तर तेथे त्याच रूपात पुन्हा सुरू होतो. या सगळ्या कामात कोणी माणूस जागा नसतो. काम करते ती काही ओळींची स्क्रिप्ट. आज ही गोष्ट नेहमीची वाटते, पण तिच्यामागे जवळजवळ साठ वर्षांचा इतिहास आहे.

प्रस्तुत पाठात आपण तो इतिहास टप्प्याटप्प्याने पाहणार आहोत. वाचताना एक भेद सतत लक्षात ठेवा: बॅकअपची फाइल क्लाउडवर पोहोचणे ही एक गोष्ट आणि त्या फाइलमधून यंत्र खरोखर चालू होणे ही दुसरी. या दोन गोष्टींमधील अंतर कमी करण्यासाठी काय काय करावे लागले, हाच या पाठाचा विषय आहे.

१. यंत्राची फाइल कशी झाली?

आभासी यंत्र, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, ही कल्पना क्लाउडपेक्षा बरीच जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांच्या गटाने सीपी-४० ही प्रणाली तयार केली. जानेवारी १९६७ पासून ती प्रत्यक्ष वापरात होती. एका संगणकावर १४ आभासी संगणक चालत आणि प्रत्येक वापरकर्त्याला संपूर्ण यंत्र आपलेच आहे असे वाटे. पुढे १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली.

मात्र या काळात आभासी यंत्राची डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कचा वाटून दिलेला एक तुकडा होता. तो उचलून दुसरीकडे नेणे ही सहज करण्यासारखी गोष्ट नव्हती.

बदल झाला तो साध्या पीसीवर. १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी स्थापन झाली आणि १९९९ मध्ये तिने वर्कस्टेशन हे उत्पादन आणले. त्यात आभासी यंत्राची डिस्क ही यजमान संगणकावरील एक फाइल होती. फाइलची प्रत काढता येते, तिला नाव देता येते, ती नेटवर्कवरून पाठवता येते. आतली ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोग्राम आणि माहिती या सगळ्यांसह यंत्र आता एका फाइलइतके सुटसुटीत झाले. पुढचा सारा इतिहास या एका निर्णयावर उभा आहे.

२. चालत्या यंत्राची प्रत

फाइलची प्रत काढणे सोपे, पण ती फाइल त्याच क्षणी लिहिली जात असेल तर? दुकानात गिऱ्हाईक चालू असताना मालाची मोजदाद करायला बसावे, तशी ही अडचण आहे. मोजून होईपर्यंत आकडे बदललेले असतात.

यावरचा उपाय म्हणजे स्नॅपशॉट. मूळ डिस्क फाइल त्या क्षणी गोठवायची आणि नवे लेखन वेगळ्या फाइलमध्ये वळवायचे. गोठलेल्या फाइलची प्रत निवांत काढता येते आणि नंतर दोन्ही फाइली एकत्र करता येतात. व्हीएमवेअरने २००६ मध्ये या कामासाठी कन्सॉलिडेटेड बॅकअप ही व्यवस्था दिली. २००९ मध्ये आलेल्या व्हीस्फिअर ४ मध्ये डिस्कचे कोणते भाग बदलले याची नोंद ठेवण्याची सोय झाली. त्यामुळे रोज संपूर्ण डिस्कची प्रत काढण्याची गरज उरली नाही. पहिल्या दिवशी पूर्ण प्रत आणि नंतर फक्त बदललेले भाग, एवढेच पुरे झाले.

ही सोय नसती तर मोठे सर्व्हर रोज रात्री दूरच्या ठिकाणी पाठवणे आजही अवघड राहिले असते.

३. आदेशांची यादी

आता स्क्रिप्टकडे वळू. १९६० च्या दशकात एमआयटीच्या सीटीएसएस या प्रणालीवर काम करताना फ्रेंच अभियंता लुई पूझँ यांनी रनकॉम हा प्रोग्राम लिहिला. फाइलमध्ये लिहून ठेवलेले आदेश तो एकामागून एक चालवीत असे. ‘शेल’ हा शब्दही पूझँ यांचाच. युनिक्समधील अनेक फाइलींच्या नावांच्या शेवटी दिसणारी ‘आरसी’ ही अक्षरे रनकॉमची आठवण आहेत. १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीत स्टीव्ह बोर्न यांचे शेल आले.

विंडोजच्या जगात मात्र बराच काळ खिडक्या आणि बटणे यांचेच राज्य होते. जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ मध्ये आदेशांवर चालणाऱ्या नव्या व्यवस्थेचा आराखडा मांडला आणि २००६ मध्ये पॉवरशेल प्रसिद्ध झाले. त्यानंतर बॅकअपची उत्पादने आणि क्लाउडच्या सेवा पॉवरशेलच्या आदेशांनी चालवता येऊ लागल्या.

येथे आपण विचाराल, बटण दाबून होणाऱ्या कामाला स्क्रिप्ट कशाला? एका यंत्रासाठी बटण पुरेसे आहे. यंत्रे दोनशे असतील तर माणूस थकतो आणि पायऱ्या चुकवतो. शिवाय स्क्रिप्ट ही कामाची लेखी नोंदही असते. ते काम करणारा कर्मचारी नोकरी सोडून गेला, तरी काम कोणत्या क्रमाने होते हे पुढच्या माणसाला वाचता येते.

४. डिस्कची अनेक रूपे

व्हीएमवेअरने आपल्या डिस्क फाइलला व्हीएमडीके हे रूप दिले. कनेक्टिक्स या कंपनीचे व्हीएचडी हे रूप २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे आले. फॅब्रिस बेलार यांच्या क्यूएमू या मुक्त प्रकल्पाचे क्यूकाऊ हे आणखी एक रूप. एकीतून दुसऱ्यात रूपांतर करण्यासाठी क्यूएमूच्या सोबत येणारे छोटे साधन जगभर वापरले जाते.

पण डिस्क म्हणजे संपूर्ण यंत्र नव्हे. प्रोसेसर किती, मेमरी किती, नेटवर्क कार्ड कोणते, हे वर्णनही सोबत जावे लागते. २००७ मध्ये डेल, एचपी, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, व्हीएमवेअर आणि झेनसोर्स यांनी मिळून ओव्हीएफ या सामाईक स्वरूपाचा प्रस्ताव डीएमटीएफ या मानक संस्थेकडे मांडला. पुढे ते मानक म्हणून स्वीकारले गेले. बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या कंपन्या येथे एका कागदावर आल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

५. क्लाउडचे दार

ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस-थ्री ही साठवण सेवा आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईसी-टू ही संगणक भाड्याने देणारी सेवा सुरू केली. तरीही स्वतःचे यंत्र जसेच्या तसे तेथे नेण्याची तयार सेवा नव्हती. त्यात एस-थ्रीमध्ये एका वस्तूची मर्यादा ५ जीबी होती आणि सर्व्हरची डिस्क सहसा त्याहून मोठी असते. २०१० च्या अखेरीस दोन बदल पाठोपाठ झाले. तुकड्यातुकड्यांनी फाइल चढवण्याची सोय आली आणि मर्यादा ५ टीबी झाली. त्यानंतर लगेच, डिसेंबर २०१० मध्ये, व्हीएम इम्पोर्ट ही सेवा जाहीर झाली. प्रारंभी ती फक्त विंडोज सर्व्हर २००८ च्या व्हीएमडीके फाइली स्वीकारत असे आणि ती चालवायची ती कमांड लाइनवरूनच.

मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरवर आभासी यंत्रे २०१२ मध्ये चाचणीसाठी आणि २०१३ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तेथे फाइल व्हीएचडी रूपातच हवी आणि तिचा आकार स्थिर हवा, अशी अट होती.

एका साध्या निर्यात-स्क्रिप्टचा क्रम साधारण असा असतो:

• बॅकअपमधून हवी त्या तारखेची डिस्क बाहेर काढणे.
• क्लाउडला चालेल अशा रूपात ती बदलणे.
• तुकड्यांमध्ये चढवणे आणि प्रत्येक तुकडा नीट पोहोचला का ते तपासणे.
• आयातीचा आदेश देणे आणि ठरावीक वेळाने स्थिती विचारत राहणे.
• यंत्र सुरू करून आतली सेवा उत्तर देते का ते पाहणे.

चौथ्या पायरीत क्लाउड आतल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आवश्यक ड्रायव्हर घालतो. व्हीएमवेअरवर वाढलेल्या यंत्राला नव्या ठिकाणची डिस्क आणि नेटवर्क कार्ड ओळखता आले नाही, तर फाइल शंभर टक्के पोहोचूनही ते सुरू होत नाही. प्रस्तावनेत सांगितलेला भेद येथे प्रत्यक्ष दिसतो.

६. अंतर आणि देशाची सीमा

एक गणित करून पाहा. १ टीबी माहिती १०० एमबीपीएस वेगाच्या जोडणीवरून पाठवायची आहे. जोडणी अखंड पूर्ण वेगाने चालली तरी ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून अधिक वेळ लागेल. वेग १० एमबीपीएस असेल तर नऊ दिवसांहून जास्त. म्हणूनच ॲमेझॉनने २००९ मध्ये डिस्क टपालाने पाठवण्याची सोय केली आणि २०१५ मध्ये ५० टीबी माहिती मावणारी स्नोबॉल ही पेटी आणली. पहिली मोठी प्रत पेटीतून आणि रोजचे बदल जोडणीवरून, अशी कामाची वाटणी शक्य झाली.

भारतापुरते बोलायचे तर सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टची पुणे, चेन्नई आणि मुंबई येथील केंद्रे सुरू झाली आणि जून २०१६ मध्ये ॲमेझॉनचे मुंबईचे केंद्र. याचे महत्त्व फक्त वेगापुरते नव्हते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये परिपत्रक काढून पेमेंट व्यवस्थेची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. अशा संस्थेच्या स्क्रिप्टमध्ये कोणत्या केंद्राचे नाव लिहिले आहे, ही त्या दिवसापासून कायद्याचीही बाब झाली.

७. स्क्रिप्ट गप्प बसते तेव्हा

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील डेटाबेसची फाइल-निर्देशिका पुसली. सुमारे ३०० जीबी माहिती गेली. मग बॅकअप शोधले गेले. रोज एस-थ्रीवर जाणाऱ्या प्रतींची जागा रिकामी निघाली. बॅकअपचा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळणारा होता, त्यामुळे तो रोज अपयशी ठरत होता. अपयश कळवणारे ई-मेल पाठवले जात होते, पण पत्ता-पडताळणीच्या नियमामुळे ते नाकारले जात होते. शेवटी सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट उपयोगी पडला. तो परत आणायला सुमारे १८ तास लागले आणि मधल्या सहा तासांतील बरीच नोंद कायमची गेली. कंपनीने हा सगळा तपशील स्वतः जाहीर केला, म्हणून आज आपल्याला तो अभ्यासता येतो.

पुसण्याची चूक एका माणसाची होती, पण बॅकअप नसल्याचे कोणाला कळले नाही याचे कारण व्यवस्थेत होते. शेलमध्ये प्रत्येक आदेश संपताना एक संख्या मागे ठेवतो. शून्य म्हणजे यश. ही संख्या न तपासता पुढे जाणारी स्क्रिप्ट रिकामी फाइलही शांतपणे क्लाउडवर पाठवते.

दुसरे उदाहरण जागेचे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर आगीत पूर्ण नष्ट झाले. काही ग्राहकांचे बॅकअप त्याच परिसरात होते. यंत्रासोबत तेही गेले. क्लाउडवर प्रत आहे म्हणजे ती दूर आहे, असे गृहीत धरता येत नाही.

८. परतीचा रस्ता

आत जाण्याचे दार रुंद होत गेले, पण बाहेर येण्याचे? ॲमेझॉनच्या सेवेत बराच काळ नियम असा होता की आधी बाहेरून आयात केलेले यंत्रच पुन्हा निर्यात करता येईल. तेथेच जन्मलेले यंत्र तसे बाहेर नेता येत नसे. शिवाय माहिती आत आणणे सहसा मोफत आणि बाहेर नेण्यास शुल्क, अशी रचना होती. युरोपीय संघाचा डेटा कायदा जानेवारी २०२४ मध्ये अस्तित्वात आला. त्यात सेवा बदलणाऱ्या ग्राहकांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने बंद करण्याची तरतूद आहे. त्याच वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती बाहेर नेण्याचे शुल्क माफ केले.

समारोप

१९६७ मध्ये यंत्र आभासी झाले, १९९९ मध्ये त्याची फाइल झाली, २०१० मध्ये ती फाइल क्लाउडमध्ये यंत्र म्हणून उभी राहू लागली. प्रत्येक टप्प्यावर एक अडचण सुटली आणि एक नवी पुढे आली. तांत्रिक साधने आज आपल्या हातात आहेत, पण प्रत उघडून पाहण्याची सवय कोणतेही साधन सोबत देत नाही. आपण उद्या एखाद्या संस्थेत हे काम हाती घ्याल, तेव्हा स्क्रिप्टच्या यादीतील पाचवी पायरी आहे की नाही हे आधी पाहा.

स्वाध्याय

१. आभासी यंत्राची डिस्क ‘फाइल’ झाल्याने बॅकअपच्या पद्धतीत कोणता बदल झाला, ते सोदाहरण लिहा.
२. ५०० जीबी माहिती ५० एमबीपीएस जोडणीवरून पाठवण्यास किती वेळ लागेल? बदललेले भागच पाठवल्यास काय फरक पडेल?
३. गिटलॅबच्या घटनेतील प्रत्येक अपयश कोणत्या तपासणीने आधी कळले असते, याची यादी करा.
४. आपल्या महाविद्यालयाचा सर्व्हर क्लाउडवर न्यायचा असेल, तर परत आणण्याची कोणती अट आपण करारात घालाल? कारणे द्या.