जहाजावर जेवायला काय घालून जायचं?

४ सप्टेंबर १८८८. मुंबईहून विलायतेला निघालेल्या ‘क्लाइड’ बोटीवर एकोणीस वर्षंही पूर्ण न झालेला एक मुलगा होता. मित्रांनी त्याच्यासाठी साहेबी कपडे तयार करून घेतले होते. टाय होता, आखूड जाकीट होतं. बोटीवर वापरायला काळा सूट होता आणि विलायतेत उतरताना घालायला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट खास राखून ठेवला होता. कपड्यांची तयारी चोख, तरी मुलगा डायनिंग सलूनमध्ये जेवायला जाईना. काटे-चमचे कसे वापरायचे ते माहीत नाही आणि कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर होत नाही. सोबत आणलेली मिठाई आणि फळं खात तो केबिनमध्येच बसला.

त्याचं नाव मोहनदास करमचंद गांधी. सप्टेंबरअखेरीस विलायतेत उतरताना त्याने तो पांढरा सूट चढवला आणि बघतो तर काय, पांढऱ्या कपड्यांत आपण एकटेच! बाकीचं सामान किल्ल्यांसकट एजंटच्या ताब्यात गेलेलं, त्यामुळे बदलायचीही सोय नाही. हे सगळं त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलंय.

मला हा प्रसंग आठवायचं कारण माझे बाबा. काकांनी आई-बाबांना क्रूझला बोलावलंय. बुकिंगच्या मेलमध्ये ‘दोन फॉर्मल नाइट्स’ असं वाचल्यापासून बाबांचं एकच पालुपद सुरू आहे, ‘त्या दोन दिवशी आम्ही खोलीतच काहीतरी खाऊ.’ चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, शेकडो लोकांसमोर बिनधास्त बोलणारा, एका कोटाच्या धाकाने जेवणाचं टेबल सोडायला तयार! मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कोडमधली एखादी ओळ कशासाठी लिहिली होती ते कळल्याशिवाय ती ठेवायची की काढायची हे ठरवता येत नाही. तेव्हा म्हटलं, ही ओळ कुणी लिहिली ते तरी बघू.

रात्रीच्या जेवणासाठी कपडे बदलायची रीत एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या श्रीमंत घरांतली. पुरुषांना मागे लांब शेपट्या असलेला काळा टेलकोट, स्टार्च केलेला शर्ट आणि पांढरा टाय लागे. १८६५ साली प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे नंतरच्या सातव्या एडवर्डने, लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांकडून एक आखूड, बिनशेपटीचं, निळ्या रेशमाचं जाकीट शिवून घेतलं. कशासाठी? तर घरगुती, मोकळ्याढाकळ्या जेवणासाठी. १८८६ साली न्यूयॉर्कजवळ टक्सिडो पार्क नावाची श्रीमंतांची वसाहत उभी राहिली आणि अशा जाकिटाला अमेरिकेत तिचंच नाव चिकटलं.

आता गंमत बघा. आज ज्याला आपण सगळ्यात फॉर्मल कपडा समजतो, तो जन्माला आला तेव्हा आरामात बसायचा कपडा होता. पहिल्या महायुद्धानंतर टेलकोट मागे पडत गेला आणि ही सवलतच नियम होऊन बसली.

मोठ्या बोटींच्या फर्स्ट क्लासमध्ये ही रीत काटेकोरपणे पाळत. फक्त पहिल्या आणि शेवटच्या रात्री सुटाला सूट! कारण अगदी व्यवहारी होतं. सामानावर ‘प्रवासात हवं’ आणि ‘प्रवासात नको’ अशी लेबलं लावत. ‘नको’वाल्या ट्रंका थेट बोटीच्या तळाशी जात. उरलेल्या ट्रंका पहिल्या रात्री उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री बांधून झालेल्या असत. आजही क्रूझवर पहिली रात्र सहसा साधीच असते, कारण बॅगा केबिनपर्यंत पोचायला उशीर होऊ शकतो. दीडशे वर्षांत ट्रंकेची ट्रॉली बॅग झाली, अडचण तीच राहिली.

दुसरी सवलत हवामानाने दिली. १८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि मुंबई-इंग्लंड वाट तांबड्या समुद्रातून जाऊ लागली. एसी नसलेल्या बोटीत, तिथल्या उकाड्यात लोकरीचा कोट घालून गरम सूप पिऊन बघा! ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्यांचा अशा ठिकाणचा तोडगा सोपा होता: कोट काढायचा, पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरेला रुंद पट्टा. याला ‘रेड सी रिग’ म्हणतात आणि तो आजही वापरात आहे. तो पट्टा म्हणजे आपला कमरबंद. हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी वेस्टकोटाऐवजी तो उचलला आणि इंग्रजीत त्याचा ‘कमरबंड’ झाला. आपण कंबर कसतो ती कामाला लागायला, साहेबाने कसली ती जेवायला.

या टेबलांवर वाढत कोण होतं? पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर सलूनमध्ये वाढणारे आणि स्वयंपाकघरात राबणारे पुष्कळजण गोव्याचे होते. मुंबईत धोबी तलाव भागात गोव्याच्या गावोगावचे ‘कूड’ होते. एक सफर संपून दुसरी मिळेपर्यंत ही माणसं तिथे राहत. डेकवरच्या खलाशांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान असत. म्हणजे आपली माणसं त्या बोटींवर पहिल्यापासून होती. फक्त खुर्चीवर कोण बसणार आणि ताट घेऊन कोण उभं राहणार, हे बघताक्षणी कळायची सोय कपड्यांनी केली होती. केबिनमध्ये बसलेल्या त्या मुलाला धाक वाटला तो या व्यवस्थेचा. कोट तर त्याच्याकडेही होता.

१९३१ साली तोच माणूस गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीने पुन्हा विलायतेला गेला. या वेळी अंगावर पंचा होता आणि त्याच वेषात तो बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्जच्या चहापानालाही जाऊन आला.

१९५८ पासून जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली आणि प्रवासी बोटींची सद्दी संपली. उरली ती सुटीची क्रूझ. तिथे गिऱ्हाईक राजा, त्यामुळे नियम सैल होत गेले. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ म्हणत सक्तीच्या फॉर्मल रात्रींना फाटा दिला. क्युनार्डची ‘क्वीन मेरी २’ मात्र अजून गाला रात्री जपून आहे. तिथेही गडद सूट आणि टाय चालतो, टक्सिडोच हवा असं नाही. ज्याला तेवढंही नको, त्याच्यासाठी बुफे असतो.

तर मुद्द्याचं. बहुतेक क्रूझवर एरवीच्या रात्री कॉलरचा शर्ट, फुल पँट आणि बूट पुरतात. पोहायची चड्डी, गंजीफ्रॉक आणि स्लिपर मुख्य डायनिंग रूममध्ये नकोत. फॉर्मल रात्रीसाठी लग्नात शिवलेला गडद सूट बाहेर काढा. बंद गळ्याचा कोट घालायचा असेल तर कंपनीला आधी मेल करून विचारा. अशी विचारणा करण्यात कमीपणा काहीच नाही.

आणि हा पोशाख समुद्रावरच्या शिस्तीत बसेल का, अशी शंका असेल तर आपल्या नौदलाकडे बघा. ब्रिटिशांकडून आलेले मेसचे रिवाज पिढ्यान् पिढ्या पाळणाऱ्या भारतीय नौदलाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये कुर्ता-पायजम्याला परवानगी दिली. वर बिनबाह्यांचं जाकीट, पायात फॉर्मल बूट किंवा सँडल. म्हणजे शिस्त राहिली आणि कपडा बदलला.

हा नियम आधी राजपुत्राच्या आरामासाठी वाकला, मग ट्रंकांसाठी, मग उकाड्यासाठी. तुमच्यासाठीही थोडा वाकेल. तुम्ही फक्त केबिनमध्ये फराळाचा डबा उघडून बसू नका.